दोन स्वल्पविराम आणि वीस पॅलेटं

2024 च्या एप्रिलमधली गोष्ट. दुपारी चारच्या सुमाराला अण्णा माझ्याकडे आले. निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार, स्वतःचं छोटं पॅकहाऊस, स्वतःबरोबर आसपासच्या काही शेतकऱ्यांचा मालही युरोपला पाठवतात. मी नाशिकमध्ये निर्यात करणाऱ्यांच्या ऑफिसातल्या मुलामुलींना इंग्रजी पत्रव्यवहार शिकवते, त्यामुळे ओळख जुनी. बरोबर त्यांचा भाचा होता. डॉक्युमेंटेशन आणि ईमेल तोच बघतो. तो दाराशीच उभा राहिला, बस म्हटलं तरी बसेना.

अण्णांनी प्लास्टिकच्या फोल्डरमधून दोन कागद काढले. एक रॉटरडॅमच्या आयातदाराकडून आलेला अकाउंट सेल, म्हणजे माल कोणत्या भावाने विकला गेला त्याचा हिशेब. दुसरी, भाच्याने फेब्रुवारीत पाठवलेल्या ईमेलची प्रिंट.

"मॅडम, ह्याच्यात काय चुकलंय तेवढं सांगा. तो रॉटरडॅमवाला म्हणतो, तुम्हीच लिहून दिलंय. मी चार जणांना दाखवलं, सगळे म्हणतात इंग्रजी बरोबर आहे."

ईमेल पाच-सहा ओळींचीच होती. ज्या ओळीवरून सगळं झालं ती अशी: "द पॅलेट्स, विच हॅव क्विक-रिलीज पॅड्स, शुड बी सोल्ड फर्स्ट." (पॅलेट म्हणजे एका फळीवर रचून बांधलेल्या पेट्यांची थप्पी.)

चौघांचं म्हणणं खरं होतं. स्पेलिंग बरोबर, क्रियापदं बरोबर, शब्दांचा क्रम बरोबर. इंग्रजीच्या कुठल्याही पेपरात या वाक्याचे पूर्ण मार्क मिळाले असते. आणि तेच या प्रकरणातलं सगळ्यात अवघड दुखणं होतं. वाक्य मोडकं-तोडकं असतं तर समोरच्याला शंका आली असती, त्याने फोन करून विचारलं असतं. हे वाक्य शुद्ध होतं, फक्त ते दुसरंच काहीतरी सांगत होतं.

आधी पॅकहाऊसमध्ये काय झालं ते सांगते, नाहीतर वाक्याचं वजन कळणार नाही.

द्राक्षाच्या पेटीत घडांच्या वर एक पातळ पॅड ठेवतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं. पेटीतल्या ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू हळूहळू सुटतो आणि करड्या बुरशीला, बोट्रायटिसला, वाढू देत नाही. लांबच्या प्रवासाला दोन टप्प्यांचा पॅड लागतो. त्याचा एक थर सुरुवातीला भरभर काम करतो, दुसरा पुढचे कित्येक आठवडे थोडाथोडा वायू सोडत राहतो. नुसता क्विक-रिलीज पॅड घातला तर पहिले काही दिवस सुखाचे जातात, पुढे पेटीला राखण उरत नाही. त्या वर्षी तर हे जास्तच महत्त्वाचं होतं. 2023 च्या डिसेंबरपासून बहुतेक मोठ्या जहाज कंपन्यांनी लाल समुद्राची वाट सोडली होती आणि न्हावा शेव्याहून निघालेली जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालून जात होती. रॉटरडॅमचा प्रवास दहा-बारा दिवसांनी लांबला होता.

अण्णांच्या कंटेनरमध्ये 20 पॅलेटं होती. भरणीच्या रात्री दोन टप्प्यांचे पॅड संपले. नवे सकाळी येणार होते, पण तोवर थांबलं असतं तर जहाज चुकलं असतं. म्हणून शेवटच्या 4 पॅलेटांत क्विक-रिलीज पॅड घातले. हे लपवायचं नाही असं अण्णांनी लगेच ठरवलं. भाच्याला म्हणाले, त्यांना कळव, ज्या पॅलेटांत साधे पॅड आहेत, ती पोचल्याबरोबर आधी विका म्हणावं, बाकीची टिकतील. निर्णय चोख होता. प्रामाणिकपणा तर होताच होता. भाच्याने रात्री अकराला ईमेल पाठवली.

रॉटरडॅममध्ये ती वाचली गेली ती अशी: कंटेनरमधली सगळी पॅलेटं आधी विका. सगळ्यांतच क्विक-रिलीज पॅड आहेत.

हा माल एका सुपरमार्केटच्या प्रोग्रॅमला, म्हणजे आधी ठरलेल्या पुरवठ्याला, जायचा होता. तिथे माल गोदामात थांबतो, पुन्हा तपासला जातो, मग दुकानात जातो. टिकाऊपणाची खात्री नसलेला माल तिथे द्यायचा धोका कोणी घेत नाही. आयातदाराने पूर्ण कंटेनर प्रोग्रॅममधून काढला आणि घाऊक बाजारात, त्या दिवशी मिळेल त्या भावाने, दोन दिवसांत मोकळा केला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं. दोन टप्प्यांचे पॅड असलेली 16 पॅलेटं कारण नसताना पडेल भावाने गेली. माल कन्साइनमेंटवर होता, म्हणजे तिकडे विकला जाईल त्या भावाचेच पैसे मिळणार, त्यामुळे तोटा इकडचा. त्यात तीन शेतकऱ्यांचा माल होता. त्यांना ठरलेला भाव अण्णांनी पदरचा घालून दिला. रक्कम इथे सांगत नाही. अण्णांनी त्या वर्षी नवा ट्रॅक्टर घेतला नाही, एवढं सांगते.

मी प्रिंट टेबलावर ठेवली आणि भाच्याला जवळ बोलावलं. दोन स्वल्पविरामांच्या मधला मजकूर अंगठ्याने झाकला. "आता उरलंय ते वाच."

"द पॅलेट्स शुड बी सोल्ड फर्स्ट."

"ह्याच्याखाली सही करशील?"

तो गप्प झाला. मग हळूच म्हणाला, "नाही. हे तर सगळीच विका असं झालं."

"मग तू हेच लिहिलं आहेस."

इंग्रजीत नामाला चिकटून येणारं हू किंवा विचचं उपवाक्य दोन वेगळी कामं करतं. एक काम निवडण्याचं. वीसांतली कोणती? क्विक-रिलीज पॅडवाली. याला डिफायनिंग म्हणतात, आणि त्याला स्वल्पविराम लागत नाहीत, कारण ते नामाचाच तुकडा असतं. ते काढलं की कशाबद्दल बोलतोय तेच हरवतं. दुसरं काम जोडमाहिती देण्याचं. कशाबद्दल बोलतोय ते आधीच ठरलेलं आहे, आता जाता जाता त्याच्याबद्दल आणखी एक गोष्ट सांगतो. हे नॉन-डिफायनिंग. ते दोन स्वल्पविरामांच्या मध्ये बसतं आणि उचलून बाजूला ठेवलं तरी उरलेलं वाक्य स्वतःच्या पायावर खरं राहतं. शब्द तेच, क्रम तोच. अर्थ ठरतो तो स्वल्पविराम आहेत की नाहीत यावर.

नियम एवढाच आहे, आणि तो भाच्याला माहीत होता! बारावीला वाचला होता. मग रात्री अकराला त्याच्या बोटांनी स्वल्पविराम का टाकले? मला याचं उत्तर हवं होतं, कारण माझ्याकडे येणाऱ्या दहांपैकी सात-आठ जण नेमकं हेच करतात आणि सगळे तिकडेच चुकतात. स्वल्पविराम विसरणारे कमी, जादा टाकणारे जास्त.

मी त्याला म्हटलं, तू मनात जे मराठी वाक्य धरलं होतंस ते कागदावर लिही. त्याने लिहिलं: "ज्या पॅलेटांत क्विक-रिलीज पॅड आहेत, ती आधी विका."

'आहेत' नंतर स्वल्पविराम. तो सापडला तिथे.

मराठीत तो अगदी बरोबर आहे. ज्या-चं वाक्य संपलं, आता ती-चं सुरू होतंय, एवढंच तो सांगतो. निवडण्याचं काम त्याच्याकडे नाहीच. ते काम 'ज्या' आणि 'ती' या जोडीने आधीच उरकलेलं असतं. 'ज्या पॅलेटांत' म्हटल्याक्षणी ऐकणाऱ्याला कळतं की काही पॅलेटांत तसं नाही. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं; ही म्हण घ्या. स्वल्पविराम ठेवा, काढा, अर्थाला धक्का लागत नाही. आपली जोडी इतकी भक्कम आहे की विरामचिन्हावर विसंबायची वेळच आपल्यावर आली नाही. मोडीत तर शब्दसुद्धा तोडून लिहीत नसत, विरामचिन्हांची गोष्टच सोडा. ती मराठीत रुजली एकोणिसाव्या शतकात, इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने. तेव्हापासून आपण स्वल्पविराम वापरतो तो मुख्यतः दम घ्यायची जागा दाखवायला. वाचताना जिथे थांबतो तिथे टाकतो.

भाच्याने इंग्रजी लिहिताना हाच दम सोबत नेला. इंग्रजीत उपवाक्य पुढे येत नाही, ते वाक्याच्या पोटात शिरतं. मग त्याने त्याच्या दोन्ही बाजूंना कुंपण घातलं, वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून. हेतू नीटनेटकेपणाचा होता. पण मराठीत जे काम ज्या-तीची जोडी करते ते इंग्रजीत त्या कुंपणाच्या असण्या-नसण्यावर सोपवलेलं आहे. त्याने कुंपण घातलं आणि 'ज्या' पुसला गेला.

अण्णा हे सगळं ऐकत होते. म्हणाले, "म्हणजे पोरगं मराठीत बरोबर होतं."

होतं. आणि हे त्याच्यासमोर मोठ्याने म्हणणं मला गरजेचं वाटलं. तो तेव्हा काम सोडायच्या गोष्टी करत होता.

मराठीची दुसरी बाजूही त्याला दाखवली. ज्या-तीची जोडी जितकी चोख, तितकीच आपली णारा-लेलाची रूपं मोघम. "सह्याद्रीत उगम पावणाऱ्या नद्या पावसाळ्यात फुगतात" इथे निवड आहे, सगळ्या नद्या नाहीत. "त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावणारी गोदावरी नाशिकमधून वाहते" इथे निवड नाही, गोदावरी एकच. रूप मात्र तेच, आणि आपल्याला अडत नाही, कारण गोदावरी कोण ते ठाऊक आहे. पण "क्विक-रिलीज पॅड असलेली पॅलेटं आधी विका" असं मराठीत लिहिलं आणि वाचणारा पॅकहाऊसमध्ये नसेल, तर तोही अडखळेल. सगळी की काही? म्हणून इंग्रजी लिहायच्या आधी मनातलं णारा-लेला फोडून ज्या-तीमध्ये घालून बघावं. त्यात 'तेवढीच' हा शब्द बसवून बघावा. "ज्या पॅलेटांत हे पॅड आहेत तेवढीच आधी विका" हे मनातल्या अर्थाशी जुळलं, तर इंग्रजीत स्वल्पविराम नको. "जी गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावते तेवढीच" हे कानाला विचित्र लागतं, म्हणून "द गोदावरी, विच रायझेस निअर त्र्यंबकेश्वर, फ्लोज थ्रू नाशिक" मध्ये दोन्ही स्वल्पविराम हवेत. विशेषनाम आलं की बहुतेक वेळा हेच होतं.

अण्णांचा पुढचा प्रश्न रास्त होता. दोन टिंबांवरून एवढा माल कोण फिरवतो? त्याने एक फोन का केला नाही? फोन करायला हवा होता, हे माझंही मत आहे. पण वाचणारा डच होता, आणि ही गोष्ट मी त्यांना समजावून सांगितली. डच भाषेत अशाच उपवाक्यांना अगदी हाच नियम आहे. निवडणाऱ्या उपवाक्याच्या आधी स्वल्पविराम नाही, जोडमाहितीच्या आधी आहे. म्हणजे तो लहानपणापासून त्या खुणेत अर्थ वाचत आलेला. त्याच्या जागी जर्मन माणूस असता तर कदाचित थबकला असता, कारण जर्मनमध्ये दोन्ही जातींच्या उपवाक्यांना स्वल्पविराम देतात आणि त्यावरून काही ठरत नाही. आपण इंग्रजीत लिहितो, पण वाचणारा आपल्या मातृभाषेच्या सवयीने वाचतो, जसा लिहिणारा लिहितो. आमच्या या एका ओळीत मराठीचा दम आणि डचांचं कुंपण समोरासमोर आले.

नात्यातल्या एका वकिलांनी अण्णांना थोडी आशा दाखवली होती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1952 साली अश्विनीकुमार घोष यांच्या प्रकरणात, कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्ह हा दुय्यम घटक मानावा, अशा अर्थाचं म्हटलेलं आहे. ते ठीक. न्यायाधीशाकडे संपूर्ण कायदा समोर ठेवून वाचायला वेळ असतो. सकाळी सहाला गोदामात कंटेनर उघडणाऱ्याकडे एक ओळ असते. मी अण्णांना भांडण वाढवू नका म्हटलं. त्यांनी वाढवलं नाही.

मग आम्ही तिघांनी ते वाक्य पुन्हा लिहायला घेतलं. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, भाचा एव्हाना खुर्चीत बसला होता.

पहिली दुरुस्ती सोपी, स्वल्पविराम काढले: "द पॅलेट्स विच हॅव क्विक-रिलीज पॅड्स शुड बी सोल्ड फर्स्ट." अर्थ बरोबर झाला, पण मला ते पुरेसं वाटेना. दुसरी, विच काढून दॅट घातला: "द पॅलेट्स दॅट हॅव क्विक-रिलीज पॅड्स." हे अधिक सुरक्षित, कारण दॅट जोडमाहितीच्या कामाला येत नाही, त्याच्या आधी स्वल्पविराम टाकायला हात धजतच नाही. 1926 मध्ये इंग्रजी शब्दप्रयोगांचा कोश लिहिणाऱ्या फाउलर यांनी सुचवलं होतं की निवडीला दॅट आणि जोडमाहितीला विच अशी वाटणी करावी. सगळे तसं करत नाहीत हे त्यांनाही माहीत होतं. ब्रिटनमध्ये अजूनही निवडीला दोन्ही चालतात, अमेरिकेतले संपादक मात्र बहुधा ही वाटणी पाळतात. व्यापाराच्या पत्रात मी ती कटाक्षाने पाळायला सांगते. भाचा म्हणाला, विच जास्त फॉर्मल वाटतं म्हणून वापरलं. हा समज फार पसरलेला आहे आणि मोडायला हवा. दॅट अजिबात हलका शब्द नाही.

पण माणसांसाठी हू आला की ही सोय संपते. हू दोन्ही कामं करतो, आणि तिथे स्वल्पविरामाशिवाय दुसरा पहारेकरी नसतो.

तिसरी दुरुस्ती मला सगळ्यात आवडली, आणि ती भाच्याने स्वतः केली. मी फक्त विचारलं, एकूण किती, त्यातली किती, कोणती? त्याने लिहिलं: "द कंटेनर हॅज ट्वेंटी पॅलेट्स, फोर ऑफ विच हॅव क्विक-रिलीज पॅड्स. प्लीज सेल दीज फोर फर्स्ट." आणि खाली पॅलेट नंबर: 17, 18, 19, 20.

गंमत अशी की यातलं 'फोर ऑफ विच' हे उपवाक्य नॉन-डिफायनिंग आहे. स्वल्पविराम आहे आणि असायलाच हवा. वीसही पॅलेटं आधी मांडली, मग त्यांच्याबद्दल माहिती दिली की त्यांतली चार अशी आहेत. ज्या खुणेने घात केला तीच इथे सरळ काम करते, कारण आकडा सोबत आहे. कोणी स्वल्पविराम वगळला, दुसरीकडे टाकला, तरी चार म्हणजे चारच. पैशाची किंवा मालाची निवड एकट्या विरामचिन्हावर सोडायची नाही, आकडा आणि नंबर सोबत द्यायचे, असं मी त्या दिवसापासून प्रत्येक बॅचला सांगते.

आयातदारालाही उत्तर लिहिलं. त्यात एक ओळ भाच्याने हट्टाने स्वतःची ठेवली: "अवर सेंटेन्स सेड ऑल ट्वेंटी, विच वॉज अवर मिस्टेक." हा विचचा तिसरा प्रकार. तो एका नामाला धरत नाही, मागच्या आख्ख्या वाक्याला धरतो, आणि त्याच्या आधी स्वल्पविराम नेहमी असतो. मराठीत आपण इथे संबंधी सर्वनाम वापरत नाही, सरळ म्हणतो, "आणि ही आमची चूक." ओळ बरोबर होती. मी तिला हात लावला नाही.

आयातदाराचं उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. सभ्य होतं. पैसे परत मिळाले नाहीत, मिळणारही नव्हते. पण पुढच्या हंगामात त्याने अण्णांचाच माल घेतला, आणि प्रत्येक कंटेनरबरोबर पॅलेटनिहाय पॅडची यादी मागितली. ती आता पॅकहाऊसच्या तक्त्यात कायमचा रकाना झाली आहे.

भाच्याने काम सोडलं नाही. गेल्या जानेवारीत त्याचा फोन आला. नव्या खरेदीदाराला पॅकहाऊसची ओळख करून देणारं पत्र लिहीत होता, आणि त्यात ग्रेपनेटचा, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षबागांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीचा, उल्लेख करायचा होता. पार्श्वभूमीला पॅकिंगच्या बायकांचा आवाज आणि पट्टीच्या मशिनची खटखट ऐकू येत होती.

"मॅडम, 'अवर ग्रोअर्स हू आर रजिस्टर्ड ऑन ग्रेपनेट' असं लिहिलं तर काही जण रजिस्टर्ड नाहीत असा वास येईल ना? आपले सगळेच आहेत. नसेल तर युरोपला माल जातच नाही."

"येईल. मग?"

"मग स्वल्पविराम. ग्रोअर्सनंतर."

"आणि?"

थोडा वेळ नुसती खटखट. मग म्हणाला, "ग्रेपनेटनंतर पण. कुंपण दोन्ही बाजूंनी."